बांधावरून जाणारे टायर

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला गाडी दाखवली, तेव्हा तुम्ही दोघे हसलात. "आजी, ही गाडी डोंगर चढायला निघाली आहे का?" असं धाकट्याने विचारलं. खरं आहे. आपली जुनी उंच डिझेलची गाडी, तिच्या दारांचा रंग उडालेला, आणि खाली मात्र काळेकुळकुळीत, खोल खाचांचे, दणकट टायर. म्हाताऱ्या माणसाने नातवाचे बूट घातल्यासारखं दिसतं. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण मला झोप येत होती आणि उत्तर लांबलचक होतं. आता लिहून ठेवते.

बारवी धरणाच्या बाजूला राहणारी तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, तुम्हाला आठवत असेल. तिच्या ओटीवर तुम्ही फणसाच्या आठळ्या भाजून खाल्ल्या होत्या. तिचे यजमान तिथल्या शाळेत गुरुजी होते. ते गेले तरी ती तिथेच राहिली. गेल्या वर्षीपासून तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं आहे, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी तिला बदलापुरात डायलिसिसला आणावं लागतं. सकाळी आणायचं, चार तास मशीनवर, संध्याकाळी परत सोडायचं. आजोबांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे, त्यामुळे गाडी मी चालवते. सत्तरीच्या बाईने एवढी मोठी गाडी चालवलेली पाहून सिग्नलवरचे रिक्षावाले अजूनही मान वळवतात. मला त्याचं काही वाटत नाही. गुडघ्याचं वाटतं. क्लच फार जड आहे.

आम्ही तिला कितीदा सांगितलं की बदलापुरात, हेंद्रेपाड्याला आमच्याकडे ये, एक खोली रिकामीच आहे. ती म्हणते, "वहिनी, आठवड्यातले दोन दिवस मशीनला देते. उरलेले पाच माझे आहेत. ते तुमच्या दुसऱ्या मजल्यावर बसून काय करू?" त्या पाच दिवसांत ती कोंबड्यांना दाणे टाकते, अंगण सारवते, ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकते. एवढंच. पण तिला तेवढंच हवं आहे, आणि ते मिळावं म्हणून ही सगळी धावपळ.

अडचण रस्त्याची. आमच्या घरापासून तिच्या गावाच्या फाट्यापर्यंत रस्ता बरा आहे, काही ठिकाणी सिमेंटचा, काही ठिकाणी डांबराचा, मधूनमधून खड्डे. फाट्यापासून तिच्या दारापर्यंत मात्र मातीची वाट. एका अंगाला वरची भातखाचरं, दुसऱ्या अंगाला खालची, आणि मधल्या रुंद बांधावरून ही वाट जाते. उन्हाळ्यात त्यावरून कोणतीही गाडी जाते. आषाढात तिथे माणसाचीही चप्पल रुतून बसते.

या आषाढात एका सोमवारी आमची गाडी तिथेच रुतली. रिकामी होती, आम्ही तिला आणायला निघालो होतो. मी गिअर बदलून पाहिले, आजोबांनी खाली उतरून चाकांखाली दगड टाकले, चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि आजोबांच्या शर्टावर चिखल उडत राहिला. ट्रॅक्टर मिळाला तोवर दुपार टळली होती आणि तिची मशीनवरची पाळी गेली होती. दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले, रात्रभर तिला आडवं होता आलं नाही. गुरुवारी पावसाने उघडीप दिली म्हणून गाडी कशीबशी दारात गेली, तेव्हा डॉक्टर चिडले. म्हणाले, "पाळी चुकवणं परवडणार नाही. पावसाळ्यात एक तर यांना शहरात ठेवा, नाही तर आणायची खात्रीची सोय करा."

तुम्ही म्हणाल, फाट्यापर्यंत तिला उचलून आणता आलं असतं. त्या गावात ती सोय जुनी आहे. बांबूला घोंगडं बांधतात, त्यात आजारी माणसाला निजवतात आणि दोघे-चौघे खांद्यावर घेऊन डांबरी रस्ता गाठतात. त्याला डोली म्हणतात. पण आत्याआजी डोलीचं नाव काढू देत नव्हती. गुरुजींना छातीत कळ आली तेव्हा त्यांना डोलीतून नेलं होतं. त्याआधी तिच्या सासूला. "डोलीत निजून जो या वाटेने गेला तो परत आलेला मी पाहिला नाही," असं ती शांतपणे सांगते. त्यावर वाद कसा घालणार? मी शिकलेली आहे, पण ओटीवर बसून दोन डोल्या जाताना मी पाहिलेल्या नाहीत.

म्हणजे गाडी दारात जायलाच हवी होती. म्हणून टायर.

तुम्हाला माहीत आहे, मी अंबरनाथच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी केली. साधा झाडू घ्यायचा तरी तीन ठिकाणचे भाव मागवायचे, ही सवय हाडात मुरलेली. तुमच्या बाबांनी टायरांची तुलना करणाऱ्या एका परदेशी वेबसाइटची लिंक पाठवली. मी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. बर्फ, वाळू, खडक, महामार्ग, प्रत्येकासाठी वेगळे गुण दिले होते. भाताच्या बांधाचा रकाना नव्हता. तरी एक गोष्ट नीट समजली. टायर ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक गुळगुळीत नक्षीचा, सडकेचा. दुसरा मोठाल्या ठोकळ्यांचा, निव्वळ चिखलाचा. तिसरा मधला, दोन्हीकडे चालणारा. मधल्याला सडकेवर थोडं कमी आणि चिखलात थोडं कमी, असं दोन्हीकडे पडतं घ्यावं लागतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर हे समजायला मला वेळ लागला नाही.

पहिलं दुकान बदलापूर स्टेशनकडचं. त्याने रिमोल्ड दाखवले, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले. दिसायला नवे, भाव फारच कमी. आजोबा खूश झाले. मी विचारलं की आतला सांगाडा किती जुना आहे? तो म्हणाला, "मावशी, आतलं कोण बघतं?" मी बाहेर आले.

दुसरं दुकान अंबरनाथला, हायवेच्या बाजूला. तिथे भिंतीवर खडकावर उभ्या राहिलेल्या गाडीचा फोटो होता आणि टायरही फोटोसारखेच महाग. विकणाऱ्या मुलीने आम्हाला विचारलं, "सर, तुम्ही ट्रेकिंग ग्रुपमध्ये आहात का?" आजोबांनी पोट आत घेतलं. मी त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं.

तिसरं उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. एका बाजूला जीन्स शिवणारे, दुसऱ्या बाजूला बटणं विकणारे, मध्ये हे अरुंद दुकान, छतापर्यंत टायर रचलेले. मालक सिंधी, माझ्याच वयाचे. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला आणि मग विचारलं, "गाडी कुठे जाते?"

आजोबांनी लगेच कोपऱ्यातल्या मोठ्या ठोकळ्यांच्या टायरकडे बोट दाखवलं. "तो द्या. ट्रॅक्टरसारखा दिसतो."

"साईं, वो दिखने में हीरो है," मालक म्हणाले, "लेकिन रोड पे रोता है. इतका आवाज करेल की भाभीजी काय बोलल्या ते तुम्हाला ऐकू येणार नाही."

"मग तोच द्या," आजोबा म्हणाले.

मालक इतके हसले की चहा बशीत सांडला. मीही हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच असेल. मग मी माझे प्रश्न काढले. ओल्या सिमेंटवर ब्रेक कसा लागतो? डिझेल किती जास्त पिईल? कडेची भिंत दगडाने फाटते का? मालकांनी उत्तरं दिली, आणि जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. शेवटी एका देशी कंपनीचा मधला टायर ठरला. नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. मी प्रत्येक टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. त्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली तयार झाला ते लिहिलेलं असतं. नवा म्हणून दुकानात पडून राहिलेला जुना टायर गळ्यात मारू शकतात, तुम्हीही कधी घेतलेत तर बघा. चार नवे घेतले, जुन्यांतला सर्वांत बरा स्टेपनीला ठेवला. अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं करून घेतलं. निघताना आजोबांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मालकांनी स्वतः हात जोडले.

परत येताना गाडीतून एक बारीक घूं असा आवाज येत होता. दूरवर कोणीतरी पिठाची गिरणी चालवतंय तसा. आजोबा म्हणाले, "ऐकू येतंय मला तुझं. फसवलं त्याने."

पुढच्या सोमवारी आम्ही फाट्यावर वळलो. पाऊस रात्रभर पडला होता. मी दुसरा गिअर टाकला आणि गाडी एखाद्या म्हशीसारखी, न घाई करता, चिखलातून चालत गेली. कुठे घसरली नाही, कुठे अडली नाही. आत्याआजी ओटीवर पिशवी घेऊन तयार होती. ती चाकांकडे बघून म्हणाली, "दादा, गाडीला नांगराचे फाळ लावलेस का रे?" त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. पावसाळा निभेल. मी घरी येऊन दुपारी गाढ झोपले.

तिचं ते बोलणं थट्टा म्हणून मी सोडून दिलं, आणि ते मी नीट ऐकायला हवं होतं.

पुढे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. डॉक्टर खूश, सूज उतरलेली, पाळी एकही चुकली नाही. खाचरांतली लावणी उरकली होती, पाण्यातून हिरवी टोकं वर आली होती. वाटेवर आमच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या पडल्या होत्या, त्या मला दिसत होत्या, पण चाकोरीतून गाडी नेणं उलट सोपं. चाक आपोआप वाट धरतं. श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा खालच्या शेताचा मालक गुडघाभर चिखलात वाकून बांधाला दगड आणि मातीची ढेकळं लावत होता. मी काच खाली करून विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काय नाय काकू, पाणी फुटलं. जा तुमी."

आत्याआजी ओटीवर होती. तयार झाली नव्हती. पिशवी बाजूला, आणि ती खांबाला टेकून खाली शेताकडे बघत बसलेली.

"चल," आजोबा म्हणाले, "उशीर होतोय."

"दादा, आधी बस. वहिनी, तुम्हीही बसा." मग तिने बोटाने दाखवलं. आमच्या टायरच्या खाचांनी बांध खरवडून चाकोरी खोल केली होती. वरच्या खाचरातलं पाणी त्या चाकोरीत शिरून पाटासारखं वाहत होतं आणि बांध फोडून खालच्या शेतात पडत होतं. जिथे पडत होतं तिथली रोपं उपटून, गाळाखाली जाऊन, मोठं तांबडं टक्कल पडलं होतं. वरच्या शेतात पाणी कमी, खालच्यात जास्त. दोन घरांचं भात.

"तो दर वेळी बांधतो," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की बांधतो, तुम्ही आलात की फुटतो. मला एका शब्दाने बोलला नाही. गुरुजींचा विद्यार्थी आहे. वाटेत भेटला की म्हणतो, आत्या, तुझी गाडी बरी चालते."

खरेदी विभागात मी नेहमी एक प्रश्न विचारत असे: ही वस्तू वापरणार कोण? त्याला विचारलं का? सिमेंट, डांबर, चिखल, ब्रेक, डिझेल, मी सगळ्यांचा विचार केला होता. चाकाखाली जो बांध येणार होता, तो कोणाचा आहे हे मात्र विचारलं नव्हतं. चिखलात रुतणारा जुना टायर निदान तिथेच थांबला तरी होता.

आजोबा चिडले. चिडणं त्यांना सोपं जातं. "मग आता काय? आमच्याकडे येत नाहीस. डोलीत बसत नाहीस. गाडी नको. हेलिकॉप्टर मागवू?"

"मागव. पण ते भातात उतरवू नकोस."

"अगं, थट्टा सुचते तुला?"

"मग रडू का?" ती म्हणाली आणि पिशवी उचलून उठली. त्या दिवशी तिला नेऊन आणलं, कारण गाडी दारात आलेलीच होती. परतताना मी चाकोरी सोडून, जमेल तितकं कडेने, रांगत यावं तशी गाडी आणली. काही उपयोग झाला नाही. फाट्यावर थांबून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आजोबांनी विचारलं, "दमलीस?" मी हो म्हटलं. दुसऱ्या खोलीतला पलंग झटकायचा, चादरी धुवायच्या, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्यायचा, असं सगळं मनात सुरू झालं होतं. तिचे पाच दिवस आता आमच्या दुसऱ्या मजल्यावर येणार, आणि ती ते भिंतीकडे बघत काढणार.

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "वहिनी, उद्या फाट्यावरच थांबा. आत येऊ नका."

"चालत येणार तुम्ही? वन्सं, पायांना झेपेल का?"

"थांबा म्हटलं ना," असं म्हणून तिने फोन ठेवला.

गुरुवारी आम्ही फाट्यावर गाडी उभी केली. पाऊस नुसता भुरभुरत होता. खाली वाटेवर काहीतरी येताना दिसलं. आजोबांना दिसेना, मला सांगावं लागलं. चार माणसं होती. त्यांच्या खांद्यांवर दोन बांबू, बांबूंवर दोरीने घट्ट आवळलेली तिच्या ओटीवरची लाल प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत छत्री धरून बसलेली आत्याआजी. पण तिचं तोंड आमच्याकडे नव्हतं. तिची पाठ आमच्याकडे होती. ती उलटी बसून घराकडे बघत येत होती.

पुढच्या डाव्या बांबूला खालच्या शेताचा मालक होता. तोच बोलत होता.

"काय गो आत्या, नवरी म्होरं बगते, तू मागं काय बगतेस?"

"घरावर लक्ष ठेवतेय. माझ्या कोंबड्यांवर कोणाचा डोळा आहे, ठाऊक आहे मला."

"कोंबड्या कसल्या, पिसं राहिलीत नुसती. आमी खाऊन काय कराचं?"

"म्हणजे पाहून ठेवल्यास ना नीट!"

मागचे दोघे हसायला लागले आणि खुर्ची हलली. ती ओरडली, "अरे, हसा, पण खांदे सरळ ठेवून हसा!"

डांबरावर त्यांनी खुर्ची अलगद ठेवली. आजोबांनी तिचा हात धरला. त्यांनी डोलीबद्दल काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेव्हा तीच म्हणाली, "ही डोली नाही. डोलीत निजतात, मी बसले आहे. आणि मी गेले कुठे? बघत बघत आले. घर दिसेनासं झालंच नाही मला." मग जरा थांबून म्हणाली, "मीच काल त्याच्या दारात गेले. म्हटलं, तुझा बांध मी फोडला, आता तुझा खांदा दे. त्याने बांबू तोडून ठेवलेलेच होते. महिनाभरापासून. विचारायचं धाडस होत नव्हतं त्याला."

संध्याकाळी परत आलो तेव्हा चौघे फाट्यावर बिडी ओढत बसले होते. या वेळी खुर्ची फिरवावी लागली नाही. जाताना पाठमोरी, येताना सामोरी, दोन्ही वेळा तिचं तोंड घराकडेच.

तेव्हापासून असंच चाललं आहे. आमच्या गाडीला वाळू, चिखल, दगड सगळं झेपेल असे टायर आहेत आणि ती हेंद्रेपाडा ते फाटा एवढ्या सडकेवर घूं करत जाते. बांध पुन्हा बांधला गेला, त्यावर गवत धरू लागलं आहे. टक्कल पडलेल्या तुकड्यात दुसऱ्यांकडून उरलेली रोपं आणून लावली, ती मागे राहिली आहेत, बाकीच्यांहून वीतभर ठेंगणी. भात कापून वाट वाळली की गाडी पुन्हा दारात न्यायची असं आजोबा म्हणतात. आत्याआजी म्हणते, बघू. मला वाटतं, तिला खुर्ची आवडू लागली आहे. मी मात्र थकले आहे. सोमवार संपला की गुरुवार समोर उभा असतो, आणि यात बदल झाला तर तो चांगला नसेल, हे आम्हाला तिघांनाही माहीत आहे.

तुमच्या बर्फाच्या देशात हिवाळ्यासाठी वेगळे टायर लावतात, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. आम्हाला एकाच टायरमध्ये सगळं हवं होतं.

आज गुरुवारच होता. फाट्यावर मी इंजिन बंद करून बसले होते. आजोबा मागचं दार उघडून उभे होते, त्यांना दूरचं दिसत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने "आली का?" असं विचारत होते. मग वळणावर लाल खुर्ची दिसली, छत्री दिसली, तिची पाठ दिसली. मी "आली" म्हटलं आणि किल्ली फिरवली.